आठ यंत्रं आणि एक विषाणू: पुण्यातल्या एका चाचणीचं प्रकरण

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे सगळे जिला एनआयव्ही म्हणतात तिने, भारतात सर्रास वापरली जाणारी आठ घरगुती जलशुद्धीकरण यंत्रं घेतली आणि त्यांतून हेपटायटिस ईचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या एका काविळीचा, विषाणू मिसळलेलं पाणी सोडून पाहिलं. आठांपैकी फक्त दोन यंत्रांनी विषाणू पूर्णपणे अडवला. उरलेल्या सहांतून तो कमी-अधिक प्रमाणात पार झाला. काविळीच्या विषाणूंवर अनेक वर्षं काम केलेल्या डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्याचा हा निबंध २००९ साली एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात आला. यंत्रांचा दर्जा अपुरा आहे आणि विषाणूंसाठी मानकं हवीत, हा निष्कर्ष त्यांनी थेट शीर्षकातच मांडला होता. शास्त्रीय निबंधांच्या सोवळ्या भाषेत एवढं स्पष्ट शीर्षक क्वचित दिसतं.

ही चाचणी जुनी झाली, त्यातली यंत्रं आज बाजारात असतील-नसतील. तरी प्रकरण म्हणून ती अभ्यासण्यासारखी आहे, कारण ‘यंत्र चांगलं की वाईट’ या प्रश्नाच्या आधी ‘त्याची परीक्षा कुणी घेतली आणि कोणत्या जंतूवर घेतली’ हा प्रश्न असतो, हे तिच्यात स्वच्छ दिसतं. याच आठ यंत्रांची परीक्षा फक्त बॅक्टेरियांवर घेतली असती, तर निकालपत्रक बरंच वेगळं दिसलं असतं असं माझं मत आहे.

हेपटायटिस ईच का, याचं उत्तर दिल्लीत आहे. १९५५च्या पावसाळ्यानंतर यमुनेच्या पात्राने दिशा बदलली आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वजिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत येऊन भिडलं. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी तुरटी आणि क्लोरीनचा डोस वाढवला. त्या काळात हाताशी असलेलं सगळं त्यांनी केलं. टायफॉइड किंवा हगवणीची साथ आली नाही. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६मध्ये मात्र शहरात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. क्लोरीनने बॅक्टेरिया मारले, विषाणू निसटला. तो हेपटायटिस ए नव्हता हे कळायला पुढची दोन दशकं लागली आणि तो हेपटायटिस ई होता हे त्याच्याही नंतर, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळलं.

पाणी बॅक्टेरियांच्या परीक्षेत पास होतं आणि तरीही माणसं आजारी पडतात, याचं इतकं मोठं उदाहरण आपल्याच देशात घडून गेलेलं आहे. महाराष्ट्राला तेवढं लांब जायचीही गरज नाही. २०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत पंचगंगेच्या पाण्यातून आलेली काविळीची साथ हेपटायटिस ईचीच होती, माणसं दगावली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. हा आजार बहुतेकांना महिना-दीड महिना झोपवून सोडून देतो. पण शेवटच्या तिमाहीतल्या गर्भवतींमध्ये मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. शिवाय दूषित पाणी पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. त्यामुळे कावीळ झालेल्या घरात कुणालाही स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या यंत्राचा संशय येत नाही. सगळे लग्नाच्या जेवणाला नाहीतर पाणीपुरीवाल्याला दोष देऊन मोकळे होतात. यंत्र नापास झालं तरी ग्राहकाला ते कधीच कळत नाही. मिक्सर बंद पडला की कळतो, फ्रिज गार करेनासा झाला की कळतो, पण फिल्टरमधून पाणी येत राहतं. ते दिसतं स्वच्छ, चवीला बरं लागतं. म्हणून या एका उपकरणाच्या बाबतीत ‘आमच्याकडे दहा वर्षं आहे, काही त्रास नाही’ या शेजाऱ्याच्या शिफारशीला शून्य किंमत आहे.

आता परीक्षा कशी घेतात ते पाहू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८७ साली जलशुद्धीकरण यंत्रांच्या चाचणीची एक पद्धत घालून दिली आणि जगभरच्या प्रयोगशाळा आजही तिचा आधार घेतात. यंत्रात नळाचं पाणी जसंच्या तसं सोडत नाहीत. आधी त्यातला क्लोरीन काढतात, नाहीतर क्लोरीनच जंतू मारेल आणि श्रेय यंत्राला मिळेल. मग त्यात मुद्दाम जंतू मिसळतात: १०० मिलिलिटरमागे १ कोटी बॅक्टेरिया, लिटरमागे १ कोटी विषाणू, लिटरमागे १० लाख जिआर्डियाचे (पोट बिघडवणाऱ्या एका परजीवीचे) सिस्ट, म्हणजे त्याची कवचबंद रूपं. यंत्राचं जे आयुष्य कंपनीने सांगितलं असेल, समजा १५०० लिटर, तेवढं पाणी त्यातून जाऊ देतात आणि ठरलेल्या टप्प्यांवर नमुने घेतात. आयुष्याच्या उत्तरार्धात पाणी आणखी त्रासदायक करतात. बारीक धूळ कालवून ते गढूळ करतात, सेंद्रिय द्रव्य घालतात, क्षार लिटरमागे १५०० मिलिग्रॅमपर्यंत नेतात, तापमान ४ अंशांवर आणतात. मध्येच यंत्र ४८ तास बंद ठेवतात आणि परत सुरू केल्यावर येणारी पहिली धार तपासतात. माणसं सुट्टीला गावी जाऊन आल्यावर घरी नेमकं हेच करतात, म्हणून ही अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. आयोडीन किंवा क्लोरीनवर चालणारं यंत्र असेल, तर नमुन्याच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीत उरलेलं रसायन जंतू मारत राहतं आणि यंत्राला फुकटचे गुण मिळतात.

पास होण्यासाठी बॅक्टेरिया ९९.९९९९ टक्के, विषाणू ९९.९९ टक्के आणि सिस्ट ९९.९ टक्के कमी झाले पाहिजेत. प्रयोगशाळेच्या बोलीत सहा लॉग, चार लॉग, तीन लॉग (एक लॉग म्हणजे दहापट घट). जाहिरातीत ‘९९ टक्के जंतूंचा नाश’ वाचलं की आपल्याला पेपरात ९९ मार्क पडल्यासारखं वाटतं. पण लिटरमध्ये १ कोटी विषाणू असतील तर ९९ टक्के गेल्यावर १ लाख उरतात. चार लॉगला १ हजार उरतात. दशांश चिन्हानंतरचा प्रत्येक ९ उरलेल्यांची संख्या दहापटीने कमी करतो, म्हणून माहितीपत्रकात ९ मोजायचे. आणि कोणता जंतू, हे ९ मोजण्याच्याही आधी पाहायचं. ‘९९.९९९९ टक्के’ याच्या पुढे बारीक अक्षरात ‘बॅक्टेरिया’ असेल, तर त्या आकड्यातून विषाणूबद्दल काहीही कळत नाही.

विषाणू वेगळा काढण्याचं कारण त्याचा आकार. टायफॉइडचा बॅक्टेरिया साधारण दोन-तीन मायक्रॉन लांब असतो. हेपटायटिस ईचा कण आहे ३० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मायक्रॉनचा तेहतिसावा भाग. कॅन्डल फिल्टरमधल्या चिनी मातीच्या कांडीची छिद्रं मायक्रॉनच्या घरातली. गहू चाळायच्या चाळणीने मैदा अडवायला निघावं, तसा हा प्रकार. कांडीत चांदी असते हे खरं, पण चांदीचा मुख्य उपयोग कांडीवर बॅक्टेरियांची वाढ होऊ नये एवढाच. आमच्या आधीच्या पिढीने दर रविवारी ब्रशने घासून ती कांडी उजळवली, त्यातून गढूळपणा गेला, नारू पसरवणाऱ्या सायक्लॉप्ससारखे मोठे जीव अडले. त्या यंत्राने आपलं काम चोख केलं. विषाणू अडवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. ते त्याच्या माथी विकणाऱ्यांनी मारलं.

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या, यंत्रात गाळण्याचा प्रश्न नसतो. २५४ नॅनोमीटरचा किरण जंतूच्या जनुकीय साखळीत बिघाड करतो आणि त्याचं पुनरुत्पादन थांबतं. इथे किती डोस मिळाला त्यावर सगळं ठरतं, आणि डोस ठरतो दिव्याचं वय, काचेच्या नळीवर बसलेला क्षारांचा थर, पाण्याचा गढूळपणा आणि धारेचा वेग यांवर. अमेरिकेच्या मानकात पूर्ण संरक्षणाच्या वर्गातल्या यंत्राला चौरस सेंटिमीटरमागे ४० मिलिज्यूल द्यावे लागतात. रोटाव्हायरसला तेवढे पुरतात. ॲडिनोव्हायरस मात्र हट्टी, त्याला चार लॉगसाठी १८६ लागतात. पावसाळ्यात नळाला चहासारखं पाणी येतं तेव्हा नेमका धोका वाढलेला असतो आणि नेमका तेव्हाच यूव्हीचा किरण आत पोचत नाही.

यूव्हीची परीक्षा घेणंही अवघड आहे. हेपटायटिस ईचा विषाणू प्रयोगशाळेत सहजासहजी वाढत नाही, म्हणून असा विषाणू मोजताना सहसा त्याचं जनुकीय द्रव्य मोजतात. गाळणाऱ्या यंत्राला ही मोजणी ठीक लागू पडते, कारण विषाणू अडला म्हणजे द्रव्यही अडलं. यूव्हीने निकामी केलेल्या विषाणूचं द्रव्य पाण्यात तसंच राहतं आणि मोजणीत ‘हजर’ लागू शकतं. म्हणून यूव्ही यंत्रांसाठी एमएस-२ नावाचा, बॅक्टेरियांना संसर्ग करणारा, माणसाला निरुपद्रवी विषाणू वापरणं सोयीचं जातं. तो आकाराने जवळपास तेवढाच असतो आणि जिवंत उरला तर बशीत बॅक्टेरियांच्या थरावर ठिपके पाडून दाखवतो. कोणत्याही चाचणी अहवालात जंतूचं नाव आणि मोजण्याची पद्धत या दोन ओळी निकालाइतक्याच महत्त्वाच्या असतात त्या यामुळे.

आणि आरओ. आज शहरी महाराष्ट्रात ‘फिल्टर’ म्हणजे आरओ असं समीकरण झालंय. आरओचं पटल (मेम्ब्रेन) इतकं बारीक की क्षारांचे आयनही त्यातून जेमतेम जातात, तिथे विषाणूची काय कथा. पटल आणि त्याच्या बाजूची रबरी रिंग धड असेल तर विषाणूचा प्रश्न सुटायला हवा. पण यंत्राचं झाकण उघडून बघा. बऱ्याच मॉडेलांत पटलाच्या आधीच्या नळीला एक टी-जोड लावून पाण्याचा एक फाटा बाजूने काढलेला असतो. त्यावर एक छोटा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह आणि स्क्रू. हा ‘टीडीएस कंट्रोलर’, म्हणजे क्षारांचं प्रमाण ठरवणारा. आरओचं पाणी फार बेचव लागतं म्हणून थोडं कच्चं पाणी पटलाला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळायचं, अशी ही योजना. सर्व्हिसवाला येतो, मीटर बुडवतो, आकडा १५ दिसला तर स्क्रू अर्धा वळसा फिरवून तो ८० वर आणतो आणि ‘आता मिनरल बरोबर झाले’ म्हणतो. त्या अर्ध्या वळशात पटलाचं सगळं संरक्षण निघून जातं. मिसळलेल्या पाण्याचा भार पुढे यूव्ही किंवा यूएफ (बारीक छिद्रांच्या पटलाची गाळणी) असेल तर त्यांच्यावर पडतो, नसेल तर कुणावरच नाही. पटलाच्या क्षमतेचा अहवाल कितीही उत्तम असला तरी तो पटलाचा अहवाल आहे. नळीला जोडलेल्या, स्क्रू फिरवलेल्या पूर्ण यंत्राचा नाही. स्वतंत्र चाचणीत यंत्र जसं ग्राहकाला मिळतं तसंच, पूर्ण जोडणीसह तपासावं लागतं, हा आग्रह त्यासाठी.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. खिशात मावणारा मीटर विद्युतवाहकता मोजून तो आकडा दाखवतो. त्याला विषाणू दिसत नाही, बॅक्टेरिया दिसत नाही, कीटकनाशक दिसत नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्याचा टीडीएस आणि चांगल्या नळाच्या पाण्याचा टीडीएस यांत मीटरला नाव घेण्यासारखा फरक दिसेलच असं नाही. भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. पुण्या-मुंबईला धरणांचं आणि तलावांचं पाणी येतं, ते या मर्यादेच्या कितीतरी खाली असतं. मराठवाड्यातल्या खोल बोअरवेलची गोष्ट निराळी, तिथे आरओ खरोखर लागू शकतो. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ५०० खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणायला सरकारला सांगितलं, तेही आरओ बरंचसं पाणी मोरीत सोडतो म्हणून. तरीही सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये प्रात्यक्षिक होतं ते टीडीएसचंच. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. मिनिटाभरात नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ साचतो आणि बघणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. तो गाळ कांडीतल्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते आणि कांडी झिजते. आरओच्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही म्हणून ते नितळ राहतं. त्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, त्यातही तोच गाळ येईल. (घरी करून बघू नका, उघड्या कांड्यांत घरगुती वीज असते.) ही चाचणी विकणाऱ्याने घेतली, विकणाऱ्याने निवडलेल्या मोजमापावर घेतली आणि निकाल आधीच ठरलेला होता.

स्वतंत्र चाचणीला पैसा लागतो, आणि तो कुठून येतो यावर तिची जात ठरते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून १९४४ साली सुरू झालेली एनएसएफ ही संस्था सोडा फाउंटन आणि खानावळींच्या उपकरणांच्या स्वच्छतेच्या मानकांपासून पुढे घरगुती डिशवॉशरपर्यंत आली. तिच्या चिन्हासाठी डिशवॉशरला ९९.९९९ टक्के बॅक्टेरिया कमी करून दाखवावे लागतात. तिथे चाचणीचे पैसे उत्पादकच भरतो. मात्र मानक उत्पादकाच्या हातात नसतं आणि कारखान्याला अचानक भेटी दिल्या जातात. आपल्याकडे अहमदाबादच्या सीईआरसीसारख्या ग्राहक संस्थेने स्वतःची प्रयोगशाळा उभारली आणि वस्तूंच्या तुलनात्मक चाचण्या छापल्या. बाजारातून वस्तू विकत घ्यायची, नावानिशी निकाल छापायचा, जाहिरात घ्यायची नाही, हा या कामाचा कणा. एनआयव्ही तिसऱ्या जातीची. ती सरकारी पैशावर चालते, तिला काही विकायचं नाही, आणि १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाल्यापासून विषाणू हाच तिचा विषय. उणीव एवढीच की अशी संस्था एकदा तपासते, निबंध छापते आणि पुढच्या साथीकडे वळते. दरवर्षी बाजारात येणारी नवी मॉडेलं तपासत बसणं हे तिचं काम नव्हे. ते मानक ब्यूरोचं आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेचं काम, आणि निबंधाच्या शीर्षकातली मागणी त्यांच्याकडेच होती. २०१२च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५००मध्ये, एमएस-२ विषाणू लिटरभर पाण्यात असू नये अशी अट आली. ती पाण्याबद्दलची आहे. भिंतीवरच्या यंत्रातून आयुष्यभर, ४८ तास बंद राहिल्यावर, गढूळ पाण्यातही तसंच पाणी येईल का, हा वेगळा प्रश्न आहे.

म्हणून खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडे चाचणी अहवाल मागायचा, आणि त्यात चार गोष्टी पाहायच्या. मॉडेल हेच आहे का. पूर्ण यंत्र तपासलंय की सुटं पटल. विषाणूवर चाचणी झाली का आणि कोणत्या. आणि किती लिटरपर्यंत. शेवटची ओळ लोक सोडून देतात. अहवाल १५०० लिटरपर्यंतचा असेल, तर त्यापुढच्या प्रत्येक ग्लासाला कोणतीच परीक्षा लागू नाही. वॉरंटी संपल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून निम्म्या किमतीत ‘कंपॅटिबल’ पटल आणि कॅन्डल बसवून घेतात, तेव्हा तर यंत्रावरचं नाव तेवढं जुनं उरतं.

खेड्यात जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोचला असं समजतो. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर योग्य मात्रेत पडली आणि पाणी नितळ असलं तर ती साधी व्यवस्था पुष्कळ काम करते. शहरात पाणी पुष्कळदा पाइपात, हौदात आणि गच्चीवरच्या टाकीत दूषित होतं, म्हणून त्यांची सफाई हवी. घरात गरोदर बाई असेल आणि गावात काविळीचे रुग्ण निघत असतील, तर यंत्राचा अहवाल हाती येईपर्यंत थांबू नये. पाणी खळखळून उकळी फुटेपर्यंत तापवायचं, झाकून निववायचं. उकळीने बॅक्टेरिया, सिस्ट आणि हेपटायटिस ई तिन्ही निकामी होतात. गॅस जास्त जातो, आणि उकळलेलं पाणी त्याच भांड्यात ठेवून लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यायचं, ग्लास बुडवायचा नाही, एवढी शिस्त पाळावी लागते.